चार ओळींची लायकी

कोशाच्या कचेरीत सगळं जग पेट्यांमध्ये निजलेलं असे. पेट्यांत खण, खणांत कार्डं, कार्डागणिक एखादी नदी, एखादा राजा, एखादा रोग. त्यात कोणाला घ्यायचं आणि कोणाला दारातून परत धाडायचं याची छाननी धाकटी करायची. अठरा वर्षं तिनं हे काम मान खाली घालून केलं. त्या सोमवारी मात्र एक अर्ज आला आणि तिची मान वर झाली.

अर्ज होता छपाई आणि पुस्तकबांधणी शिकवणाऱ्या एका चिमुकल्या महाविद्यालयाचा. तीन वर्ग, एक कार्यशाळा, साठ मुलं. सोबत प्राचार्यांनी स्वतः लिहिलेली चाळीस पानी स्मरणिका, दर पानावर त्यांचा फोटो. नव्या खंडात आमच्या संस्थेची नोंद व्हावी, अशी विनंती.

धाकटीच्या पोटातला जुना निखारा फुलला. तिची ताई तिथंच शिकायला होती. एकोणिसाव्या वर्षी कागद कापायच्या मशीनखाली तिची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनला जाळी असते. बाहेरून घेतलेलं काम भराभर उरकावं म्हणून प्राचार्यांनी ती काढायला लावली होती. वर सांगत सुटले, पोरगीच धांदरट. तो शब्द ताईला चिकटला तो चिकटलाच. लग्नाच्या बोलण्यांत तोच, नोकरीच्या दारात तोच. हातून भांडं पडलं तर जन्मदाती आईसुद्धा तेच म्हणायची, आणि ताई ऐकून घ्यायची.

पंधरा दिवस धाकटीनं सरकारी दप्तरं आणि वाचनालयांतले जुने अंक पालथे घातले. मग बैठकीला गेली.

मुख्य संपादकांना पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणत. त्यांच्या हाताखालून जाताना भले भले सम्राट अर्ध्या पानावर आले होते.

"साठ मुलं?" कात्री म्हणाले. "अहो, माझ्या पुतणीच्या लग्नात जेवायला याहून मोठी रांग होती. फेटाळा."

"फेटाळू नका," धाकटी म्हणाली. "संस्थेबद्दल बाहेरच्या दोघांनी आपापलं, सविस्तर लिहिलेलं असेल तर नोंद द्यायची. लहानमोठं बघायचं नाही. नियम तुमचाच आहे."

"आणि हिच्याबद्दल कोण लिहायला बसलंय?"

तिनं दोन कागद पुढे सरकवले. एक, अपघातानंतर आलेल्या सरकारी निरीक्षकाचा अहवाल. दुसरा, परक्या शहरातल्या वर्तमानपत्राच्या बातमीदारानं ते मशीन स्वतः पाहून लिहिलेला लेख. ताईच्या गावात दोन्ही कधी पोचलेच नव्हते.

कात्रींनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही मुलगी तुमची कोण?"

"सख्खी बहीण. म्हणून मजकूर तुम्ही लिहा. मी त्यात काना-मात्रा घालणार नाही."

"सूड उगवताय, बाई."

"उगवतेय. पण नियमानं."

कात्रींनी चार ओळी लिहिल्या. दोन ओळींत स्थापना आणि अभ्यासक्रम, पुढच्या दोन ओळींत जाळी, हुकूम आणि बोटं. नोंदीस पात्र असल्याचं पत्र गेलं. आठवड्यात प्राचार्य फुलांचा गुच्छ घेऊन हजर झाले. धाकटीनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कच्ची छपाई हातात दिली. तिसऱ्या ओळीपाशी त्यांचा चेहरा उतरला.

"आमची चाळीस पानं कुठायत यात?"

"घरच्यांनी घरच्यांचं केलेलं कौतुक कोशात चालत नाही, सर."

"मग नोंदच नको आम्हाला."

"असं कसं? लायकी सिद्ध झालीये तुमची."

"निदान पोरगी धांदरट होती, एवढं तरी घाला."

"त्या वेळी मशीनपाशी ती एकटीच होती. तिनं लिहून दिलं, तर संपादक बघतील," धाकटी गोड आवाजात म्हणाली आणि पत्ता लिहून दिला. तो आपलाच पत्ता आहे, ताई आता आपल्याकडेच राहते, हे मात्र बोलली नाही. या माणसाला ताईच्या उंबऱ्यावर वाकलेलं तिला बघायचं होतं.

रविवारी दुपारी ते आले. त्यांना आत घेऊन धाकटी दारातच थांबली. ताई मऊ मेणाची. आजवर कोणाला नाही म्हणाली नव्हती. आता हिनं सही केली, तर तो शब्द कोशातही कायमचा बसणार.

ताई कॉटवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांना पाहताच तिनं दोन्ही हात मांडीवरच्या चादरीखाली घेतले. प्राचार्य स्टुलावर टेकले.

"पोरी, झालं ते झालं. आता माझी किती वर्षं उरलीत? एवढी सही दे." त्यांनी टाइप करून आणलेला कागद चादरीवर ठेवला.

ताईनं तो सावकाश, ओठ हलवत वाचला.

"देते की, सर," ताई म्हणाली. "आधी एक सांगा. माझा कुठला हात?"

प्राचार्यांनी चादरीकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं नजर खिडकीकडे वळवली.

"डावा. डावाच ना?"

"आणि बोटं?"

"एक... म्हणजे, टोकच गेलं होतं ना जरासं?"

"एकदा दवाखान्यात आला असतात तर दिसलं असतं."

ताईनं चादरीखालून उजवा हात काढला आणि उरलेल्या तीन बोटांनी कागद त्यांच्याकडे सरकवला.

"कोशात बरोबर लिहिलंय. छापून आला की वाचा."