स्वागतातच संपलेलं भाषण

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. जळकोटजवळच्या एका वाडीतली शाळा. मैदानात मंडप घातलाय आणि तुम्ही माईकसमोर उभे आहात. बोलायला फक्त तीन मिनिटं, मग घंटा. भीती वाटली ना? सातवीतल्या हर्षालीलाही वाटली होती, पण ती माईकची नव्हती.

तिची थोरली बहीण निकिता जळकोटच्या हायस्कूलला जायची. वाडीच्या फाट्यावर एसटी थांबतच नसे. पोरी हात करून दमायच्या, बस धूळ उडवत पुढं निघून जायची. मग पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचं. परतीलाही तेच, घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा. शेवटी वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाय थांबली, तर शाळा बंद."

अशातच शाळेत शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार असं कळलं. एसटीचं त्यांच्याच कानावर घालायचं, असं हर्षालीनं ठरवलं.

वर्गशिक्षक गुरुप्रसाद सरांनी तिचं भाषण ऐकलं. "छान आहे. पण सुरुवातीला आपल्या हेडसरांविषयी चार वाक्यं घाल. ते आहेत म्हणून शाळा आहे."

हर्षालीनं घातली.

मग हेडसरांसमोर, म्हणजे शिवलिंगप्पा सरांसमोर, तालीम झाली. स्वतःचं कौतुक ऐकून ते लाजले. "माझं कशाला!" म्हणाले, पण काढा म्हणाले नाहीत. "साहेबांचं मात्र कमी पडतंय. त्यांची दूरदृष्टी घ्या. मागच्या भेटीत त्यांनी लावलेलं झाड घ्या."

"ते वाळलं, सर," हर्षाली म्हणाली.

"भाषणात हिरवंच असू दे," गुरुप्रसाद सर म्हणाले.

घरी निकिता मोबाइलवर वेळ लावून बसली. ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारला. "अगं, हे भाषण हाय का लग्नपत्रिका? एसटी कुठं गेली?"

"शेवटाला हाय."

"शेवटाला घंटा वाजती, बाई!"

दुसऱ्या दिवशी हर्षालीनं गुरुप्रसाद सरांना विनवलं, "सर, एसटीचं आधी सांगू का?"

"पाहुण्यांना आल्या आल्या तक्रार ऐकवायची? आणि कौतुकातला एक शब्द जरी गाळलास, तर हेडसर मला बोलतील."

आता एकच उपाय होता. भरभर बोलायचं. हर्षालीनं रात्रंदिवस तेच घोकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती खरंच सुसाट सुटली. पण हेडसरांचं नाव आलं की गुरुप्रसाद सर उठून टाळ्या वाजवायचे. साहेबांची दूरदृष्टी आली, पुन्हा टाळ्या. झाड आलं, आणखी जोरात. त्यांचं बघून सगळा मंडप वाजवायचा. टाळ्या थांबेपर्यंत हर्षाली ओठ चावत उभी.

"आणि आता आमच्या फाट्यावर..."

घंटा वाजली.

"वा, काय सुंदर बोलली आमची हर्षाली!" गुरुप्रसाद सरांनी माईक काढूनच घेतला. "जा बाळ, साहेबांच्या पाया पड."

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी भरलं. सगळं बोलून झालं होतं. बोलायचं तेवढं राहिलं होतं. ती साहेबांच्या खुर्चीजवळ गेली. वाकली नाही. हात जोडले आणि माईकशिवायच विचारलं, "साहेब, तुमी परत जाताना आमच्या फाट्यावर थोडा वेळ थांबाल का? तिथं एसटी थांबत न्हाय. माझ्या बहिणीची शाळा बंद होणार हाय."

गुरुप्रसाद सरांनी लांबूनच डोळे वटारले. हर्षाली हलली नाही. साहेब काय म्हणतात, याची वाट बघत ती तिथंच उभी राहिली.