मधला ठोका

ही १९५३ सालची गोष्ट. आम्ही ठाकुर्लीला राहत होतो आणि मागच्या पडवीतल्या उखळात शेजारपाजारचा मसाला कुटून देत होतो. उखळ एक, मुसळं तीन. पहिला ठोका सासूबाईंचा, म्हणजे रखमाबाईंचा; मधला माझ्या थोरल्या जावेचा, सरोजचा; शेवटचा माझा. मोजायचं नाही, बघायचं नाही. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं आपोआप खाली येई.

सरोज बाळंतपणात गेली. मूलही गेलं. महिन्याभराने आम्ही दोघी पुन्हा उखळापाशी उभ्या राहिलो. आता आलटून पालटून कुटायचं, इतकंच. पण सासूबाईंचा ठोका पडला की माझे हात वरच थांबत, सरोजचा ठोका होऊन जाईपर्यंत. मग माझा पडे. शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "अगं, मिरच्या सादळल्यात की हात झोपलेत?" आम्ही कुटत राहिलो. रडलो नाही.

वर्षाच्या आत सरोजच्या नवऱ्याचं, सुधीरभावजींचं, दुसरं लग्न झालं. हेमा विठ्ठलवाडीची. तिला सरोजच्या जागी उभं केलं. तिचं मुसळ कधी माझ्या मुसळावर आपटे, कधी सासूबाईंच्या. एकदा सासूबाईंची बोटं ठेचली.

"हिला नाही जमायचं. माहेरी नेऊन सोड," त्या भावजींना म्हणाल्या. तेव्हा माहेरी सोडलेल्या बाईला परत आणायला कोणी जाईच असं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडवीत आलो तर हेमा आधीच कुटत होती. एकटी, सावकाश.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या.

"आता नाही थांबत, आई. तुम्ही दोघी माझ्यामागून या."

"मोठी शहाणी! मी हिच्या मागून?"

"गंगुबाई मसाल्यासाठी उभ्या आहेत."

"उभी कुठे, बसलेय चांगली," गंगुबाई पायरीवरून ओरडल्या. "चालू द्या तुमचं!"

सासूबाईंनी फडकं बांधलेल्या हाताने मुसळ उचललं. घाई करून हेमाला आपल्या वेगात ओढून पाहिलं. हेमा हलली नाही. मुसळं दोनतीनदा आपटली, आणि मग कधी जुळलं ते कळलं नाही. संथ, तीन ठोके. माझे हात कुठेच थांबत नव्हते. मी सरोजचा ठोका आठवून पाहिला, आला नाही. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. तेही वाटलं नाही.

संध्याकाळी सासूबाई भावजींना म्हणाल्या, "राहू दे तिला."

सासूबाई सहा वर्षांनी गेल्या, हेमाच्या मांडीवर. भावजी मोहने गावच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले. गंगुबाई मुलाबरोबर कल्याणला गेल्या. पुन्हा भेटल्या नाहीत. हेमाला तीन मुलं, सगळी मार्गी लागली. मी डोंबिवलीला लेकीकडे असते. सरोजचा फोटो कोणी काढलाच नव्हता.