जिवंत किती, निळ्या किती

शनिवारी सकाळी वल्लरीने तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा अठ्ठ्याऐंशी टक्के आले. पहिल्यांदा एक्क्याण्णव, दुसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. डबा एकच, यीस्ट तेच. नव्वदच्या खाली जिवंत पेशी असल्या तर ते यीस्ट बिअरच्या टाकीत घालायचं नाही, असा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या त्या छोट्या ब्रुअरीचा नियम. तिथला ब्रुअर डेव्ह सारखा दारातून डोकावत होता.

"एक्क्याण्णव आलंय ना? तेच धर," तो म्हणाला. "अकराला सुरू करायचंय."

वल्लरी उठली, हात धुतले, परत बसली, परत उठली. त्यात आई बाहेर गाडीत. नागपूरहून महिन्याभरासाठी आलेल्या आईला लेक 'फूड लॅब'मध्ये आहे एवढंच ठाऊक होतं. रोज सकाळी पंचशीलातलं दारू न पिण्याचं शील म्हणणाऱ्या बाईला बिअर हा शब्द कसा सांगायचा, ते वल्लरीला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. पाच मिनिटांत येते म्हणून ती आत आली, त्याला पाऊण तास झाला होता.

"वल्लरी?"

आई दारातच उभी होती. तिने टाक्या पाहिल्या, भिंतीवरचे बाटल्यांचे फोटो पाहिले. मग तिची नजर मायक्रोस्कोपखालच्या चौकटी आखलेल्या काचेवर गेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं तिने अशाच काचेवर रक्तपेशी मोजल्या होत्या.

"काय मोजतेस?"

"यीस्ट. रंग घातला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. पण आकडा जुळत नाहीये, आई."

"हलवून घेतलंस?"

"सुरुवातीला."

"दर वेळी हलवायचं. मेलेलं खाली बसतं, वर जिवंतच जास्त येतं. आणि रंग घालून किती वेळ झाला?"

वल्लरीने वहीतल्या वेळा पाहिल्या. अठ्ठ्याहत्तर आलेला नमुना मोजायच्या आधी वीस मिनिटं तसाच पडून होता. इतक्या वेळात जिवंत पेशीही निळ्या व्हायला लागतात, हे तिला शिकवलेलं होतं, घाईत विसरली होती.

तिने डबा चांगला ढवळला, नवा नमुना घेतला, ताजा रंग घातला. आधी तिने मोजलं, मग लगेच आईने, ओठ हलवत, बोटांच्या पेरांवर. लेकीचे ऐंशी आले, आईचे एक्क्याऐंशी.

"एक्क्याण्णव असते तर बरं झालं असतं," वल्लरी पुटपुटली.

"आलं ते लिही."

तिने लिहिलं आणि डेव्हला नेऊन दाखवलं. त्याने कागद दोनदा वाचला, मानेवरून हात फिरवला आणि आजची बॅच कॅन्सल केली. नवं यीस्ट बुधवारी येणार होतं.

गाडीत आईने पट्टा लावला. वल्लरीने एसी वाढवला, मग कमी केला.

"मी पीत नाही, आई."

"ते मी विचारलं का? मला खोटं का सांगितलंस, ते सांग."

वल्लरीने लाल सिग्नलला गाडी थांबवली आणि आईकडे वळली. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा कुठे ती निघाली.