काढून टाकू का?

मेघनाने तीच आज्ञा तिसऱ्यांदा टाइप केली, जणू आता तरी मशीनला दया येईल. उत्तर तेच आलं: कमांड नॉट फाउंड. रुग्णांचे रिपोर्ट हॉस्पिटलांना पाठवण्याआधी त्यांना कुलूप घालणारा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम लॅबच्या लिनक्स सर्व्हरवरून गायब झाला होता. सकाळपासून एकही रिपोर्ट बाहेर पडला नव्हता.

घोडबंदर रोडवरच्या या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं दोनच. एक मेघना आणि दुसरा खडवलीहून येणारा, कंत्राटावरचा प्रशांत. सकाळी मालक हरिहर सर तणतणत आले होते.

"काल डिस्क साफ करायला प्रशांतच बसलेला ना? त्यानेच उडवलं असणार."

"हो," मेघना म्हणाली होती. मान वर करायचंही त्राण नव्हतं. आईचा पाय मोडल्यापासून चार महिने तिची झोप पुरी झाली नव्हती, आणि हो म्हटलं की माणसं निघून जातात, एवढं ती शिकली होती. सर गेले. दहा वाजता प्रशांतही गेला, उद्यापासून येऊ नको हे ऐकून.

शेवटी तिने प्रोग्रॅम नव्याने टाकला. कुलपाच्या डिजिटल चाव्या सर्व्हरवर जागेवर होत्या हे नशीब. रिपोर्ट भराभर निघाले. मग सरांचा निरोप आला, प्रशांतविरुद्ध काहीतरी लेखी द्या. म्हणून तिने लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केलं याची नोंद, उघडला.

काल दुपारी एक वाजून बारा मिनिटं. बिनकामाचे प्रोग्रॅम काढण्याचा हुकूम. हुकूम देणाऱ्याचं नाव: मेघना.

ती डबा खात असताना मशीनने लांबलचक यादी दाखवून विचारलं होतं, काढून टाकू का? तिने न वाचताच होकार दाबला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशीचा हुकूमही चोरानेच दिला होता. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. तिने फोन लावला.

"प्रशांत, अरे, तो प्रोग्रॅम मीच काढलेला. आत्ता लॉग बघितला."

"माहितीये मॅडम. सकाळी आलेलो तेव्हाच बघितलेला मी."

"मग बोलला का नाहीस?"

"सर तुम्हाला विचारत होते तेव्हा मी दारातच उभा होतो. तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

नव्हतं रे माहीत, हे खरं होतं. पण बघितलं असतं तर कळलं असतं.

"रिपोर्ट गेले ना पण?" त्यानेच विचारलं.

"गेले. फोन ठेवू नकोस," ती म्हणाली, आणि फोन तसाच हातात धरून तिने सरांच्या केबिनचं दार ढकललं.