गजाआडचा दवाखाना

नूर मोहम्मद कंपाउंडर भामरागडकडच्या त्या दवाखान्यात आला, तेव्हा दाराला नवा अडसर आणि खिडकीला लोखंडी गज बसले होते. आधीच्या कंपाउंडरला गावकऱ्यांनी झोडपलं होतं, पार हात मोडेपर्यंत. म्हणून चांद्याच्या साहेबांनी खुर्चीत बसल्याबसल्या अक्कल पाजळली: दार बंद ठेवायचं, औषध खिडकीतून द्यायचं. वा रे वा! रोगी मोकळा आणि औषध देणारा तुरुंगात.

गजांतून त्याला माणसांचे फक्त हात दिसत. भेगाळलेले, तापानं कढत हात. बाटली मिळाली की हातही जाई. डॉक्टर कधीमधी येई, पावसाळ्यात तेही नाही. नवी नवरी नजमा चांद्याला माहेरीच होती. कंपाउंडरला मारतात तिथं आमची पोर पाठवणार नाही, असं सासऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं. बिचारा एकट्यापुरता भात शिजवी आणि जेवताना स्वतःशीच बोले. घर नुसतं खायला उठे.

गुणाबाई नावाची म्हातारी डोळ्यांचं औषध न्यायला येई. ती तेवढी गजाशी टेकून चार शब्द बोले. एकदा त्यानं धीर करून विचारलं, त्या माणसाला का मारलंत? म्हातारीनं आडपडदा ठेवला नाही. सुई दिल्यावर एक पोर गेलं, त्याचा राग कुणाला नव्हता. पण मढं ओट्यावर असतानाच तो आत गेला, खसाखसा हात धुतले आणि दार लावून घेतलं. ज्यानं शेवटचं औषधपाणी दिलं, तो इकडे मढं उचलेपर्यंत हात धूत नाही, जागचं हलत नाही. जो हलला त्याच्या मनात पाप. आता सुई टोचल्यावर हात धुवायचे, हे त्याला शिकवलेलं; ते गावाला कोण सांगणार? आणि गावाची रीत त्याला कोण सांगणार? गज बसवायला मात्र सगळे तयार.

भर श्रावणात गुणाबाईची लेक मंगली तापानं फणफणली. नाल्यांना पूर, दुसरीकडे न्यायची सोय नाही. जावई देवाजीनं तिला बाजेवर घालून दवाखान्याच्या ओट्यावर आणलं. मागे पाचपन्नास माणसं. मंगली बेशुद्ध, दातखीळ बसलेली. गजांतून हिला सुई द्यायची तरी कशी? नूर मोहम्मदनं अल्लाचं नाव घेतलं, अडसर काढला आणि बाहेर आला.

सुई भरण्याआधी तो देवाजीजवळ बसला.

"भाऊ, खोटं नाई बोलत. ताप डोक्यात गेला हाये. सुई देली तरी वाचतेच असं नाई. नाई देली तर जातेच. तुमी सांगा."

देवाजीनं सासूकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, दे.

दुपार कलता कलता मंगली गेली.

मग मागून कुणीतरी पुटपुटलं, सुईनंच मारली. देवाजी काठी घेऊन उठला. नूर मोहम्मदच्या पाठीमागे दार उघडंच होतं. आत शिरून अडसर घातला असता तर जीव वाचला असता. पाय तिकडेच ओढत होते. पण तो बाजेचा खूर घट्ट धरून बसून राहिला, बोटांना औषध तसंच लागलेलं. भीतीनं त्याला रडू फुटलं, आणि डोळे त्यानं पुसलेही नाहीत.

काठी वर गेली. गुणाबाईनं लेकीच्या कपाळावरचा हात काढला नाही, की मान वळवली नाही.

"यानं आधीच सांगतलं होतं, देवाजी. आन हा हालला नाई."

काठी ओट्यावर पडली. देवाजी त्याच्याच शेजारी मटकन बसला. बाकीची माणसं बांबू तोडायला गेली, आणि तिरडी बांधून होईपर्यंत दोघं तसेच बसून होते. मधेच देवाजीनं विचारलं, "तुही बायको कुठी हाये?"

"चांद्याले. घरचे पाठवत नाई."

"काऊन?"

काहीतरी सबब सांगावी असं नूर मोहम्मदच्या मनात आलं. पण त्या बाजेपाशी बसून खोटं बोलवेना.

"तुमच्या भेवानं, भाऊ."

देवाजी मंगलीकडे पाहत राहिला.

"माही आता कोनी पाठवतो म्हटलं तरी येत नाई," तो म्हणाला. "तुही येते. तिले घेऊन ये."