टाकीतलं पाणी

बुनलेर्टने टाकीच्या तळाशी साचलेलं सगळं काचेच्या बरणीत ओतून घेतलं. वर पेट्रोल राहिलं, खाली तांबूस पाणी बसलं. चांगलं चार बोटं पाणी. तो बरणीसमोर उकिडवा बसून राहिला.

पाणी आलं कुठून? झाकणाचं रबर शाबूत होतं, टाकीला कुठे भोक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी लम्पांगच्या घाटात हीच पिकअप चढावर अचानक बंद पडली, मागे घसरत नाल्यात गेली आणि त्याच्या धाकट्या भावाचा, सुथिनचा, पाय गुडघ्यापासून कापावा लागला. आठच दिवस आधी बुनलेर्टने ती तपासून दिली होती. वर ‘बिनधास्त ने’ म्हणाला होता. तेव्हापासून सुथिनची बायको वान्दी त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. गावातले लोक बोलत, पण गाड्या दुसऱ्याच्या गॅरेजात नेत.

पंपवाल्याची चूक निघावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या वाटण्याची त्याला लाजही वाटत होती.

दोन दिवस टाकीत व्हिनेगर मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी सायकलची जुनी साखळी आत सोडून त्याने टाकी अंगणभर लोळवली. गंजाचे पापुद्रे सुटले, काढ्यासारखं पाणी बाहेर आलं. सहा वेळा धुतल्यावर पत्रा उजळला. मग टाकी उन्हात वाळवून, आतून लेप देऊन त्याने ती पुन्हा गाडीला बसवली.

आई फुलांचा हार घेऊन आली. गाडीच्या पुढच्या बाजूला तो बांधून तिने हात जोडले.

“गाडीतल्या देवीआई, पोराने तुझं पोट उघडलं, रागावू नकोस हो.”

मग कनवटीची छोटी बाटली काढून ती थेट पेट्रोलच्या झाकणाकडे गेली आणि सरावाच्या हाताने ते फिरवू लागली.

“आई, हे काय करतेस?”

“मठातल्या थोरल्या भन्तेंनी मंतरलेलं पाणी आहे. तू गाडी तपासून दिलीस ना, तेव्हापासून रोज सकाळी एक बाटली ओतत होते. म्हटलं, यंत्र तू पाहिलंस, बाकीचं मी पाहावं.” ती बोळकं पसरून हसली. “म्हणून तर पोर जिवानिशी वाचलं.”

बरणीतलं चार बोटं पाणी बुनलेर्टच्या डोळ्यांसमोर आलं. त्याने हळूच तिच्या हाताखालून झाकण काढून घेतलं आणि घट्ट बसवलं.

“आता आत लेप दिलाय, आई. पाणी वरून टपावर शिंपड.”

“देवीआईला पोचेल?”

“पोचेल. आणि कुणाला सांगू नकोस. सांगितलं की गुण जातो.”

“मी कशाला सांगतेय!” म्हणत ती टपावर पाणी शिंपडू लागली.

तेवढ्यात वान्दी फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“भावोजी, टाकी उघडलीत म्हणे. काय निघालं?”

“पाणी.”

“पंपावरचं?”

आई शिंपडायची थांबून त्याच्याकडे पाहत होती. बुनलेर्टने फडक्याला हात पुसले. ते पुसून झाले तरी तो पुसत राहिला.

“नाही. तपासून झाल्यावर मी गाडी धुतली. झाकण नीट लागलं नव्हतं. तेव्हा आत गेलं.”

“म्हणजे तुमचीच चूक.”

“माझीच.”

वान्दीचे डोळे भरून आले.

“सगळे तुम्हाला बोल लावत होते. मी मात्र रोज बुद्धापुढे बसून मागत होते, तुमची चूक नसू दे म्हणून.”

ती डोळेही न पुसता तशीच ओल्या तोंडाने वळली आणि निघून गेली. तिला हाक मारावी असं बुनलेर्टला फार वाटलं. त्याने मारली नाही.

तो गाडीला टेकून खालीच बसला. मग आई गुडघ्यांवर हात देत त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

“लहानपणापासून धांदरटच तू! मी ते पाणी ओतत नसते, तर आज भाऊ दिसला असता का तुला?”

“नसता दिसला, आई,” तो म्हणाला.