ओढ्याने धरलेली साय

माझ्या एका अंगाला मोहरीचा दाणा जेमतेम मावेल एवढा खळगा आहे. त्यात काळपट थर साचला आहे. मित्रांनो, मी ओढ्यातला एक जुना सोन्याचा खडा आहे. वाटाण्याहून थोडा मोठा. माझ्या अंगावरची सगळ्यात मोलाची जागा म्हणजे तो खळगाच.

माझा जन्म मात्र ओढ्यातला नव्हे. जमिनीच्या पोटात, खडकाच्या भेगांतून कढत पाणी वर चढत होतं. त्यात विरघळलेलं सोनं गारगोटीत येऊन बसलं, तो मी. पुढे डोंगर झिजला, गारगोटी फुटली आणि मी ओढ्यात पडलो. गोट्यांचा मार खाऊन माझे कोपरे बोथट झाले. वरच्या थरातली चांदी पाण्याने नेली. मग डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्यावर वस्तीला आले. ते सोनं कणाकणाने विरघळवत आणि पुन्हा माझ्याच अंगावर बसवत. शेकडो वर्षांत एक पातळ साय धरली. माझी ओढ्यातली वाढ म्हणाल तर एवढीच.

ओढ्याची वाळू धुताना ज्यांच्या लाकडी परातीत मी सापडलो, त्यांना सगळे बियाणेवाले काका म्हणत. हंगाम संपला की ते चिमूटभर सोन्याची कणी ओढ्यात परत टाकत. "बी ठेवलं तर सोनं वाढेल," म्हणत. सोनं कुठे वाढतं का, म्हणत पराती बनवणारा सुतार त्यांची थट्टा करायचा.

"काय काका, यंदा खुरपणी कधी?"

"तू आपली लाकडं तास!"

इतर सोनं धुणारे सापडलेला खडा आम्लात टाकून लख्ख करत. चकाकी येई, पण अंगावरची वस्ती मरून जाई. काकाही मला ब्रशने घासायला बसले होते. तेवढ्यात त्यांची मुलगी धावत आली. खडकांचे काप तपासून त्यांचा जन्म शोधणं हे तिचं काम.

"बाबा, थांबा! मळ नाही तो. तुमच्या म्हणण्याचा पुरावा असेल तर तोच."

तोवर बाकीचं अंग घासून झालं होतं. खळगा तेवढा राहिला.

तेव्हापासून चार वर्षं मी कापसात, काचेच्या डबीत आहे. मला मधोमध कापल्याशिवाय मी कुठे आणि किती वाढलो ते कळणार नाही. काका दर वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत. सोन्याची हाव नव्हती त्यांना. जन्मभर सांगत आलो ते खोटं निघालं तर, ही धास्ती होती. मुलगीही कधी घाई करत नसे.

काल सकाळी ती डबी घेऊन त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, खरं सांगू? गाभा खडकातलाच निघेल."

"म्हणजे सुताराचं खरं?"

"सगळं नाही. खळग्यात ओढ्याने धरलेली साय असावी. पण तुम्ही टाकलेली चिमूट आपल्या हयातीत दिसण्याइतकी वाढायची नाही."

काकांनी मला डबीतून काढून तळहातावर तोललं. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हटलं असतं: सापडलेली वस्तू चकाकवण्याआधी थोडं थांबा. तिची हकीकत पुष्कळदा वरच्या मळकट थरातच असते.

"पण वाढतं ना?" काकांनी विचारलं.

"वाढतं, बाबा. फार सावकाश."

काकांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

"काप," ते म्हणाले. "आणि बघायला त्या सुतारालाही बोलाव."